शिकवणाऱ्याने शिकायचे ते नेमके काय?

वाचकाचे पत्र :

'गेली बरीच वर्षे मी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराची, तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. पुढच्या महिन्यात धर्मशिक्षक आणि पॅरिश कौन्सिलचे सभासद यांच्यासमोर "तरुणांकडून आपण काय शिकू शकतो" या विषयावर मी बोलावे, असे फादरांनी सांगितले आहे. खरे सांगायचे तर उत्साह आणि तंत्रज्ञान यांपलीकडे मला काही सुचत नाही. त्यातच अलीकडे मी वर्गात पापनिवेदनाचे, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याचे, महत्त्व सांगत असताना एका सोळा वर्षांच्या मुलीने विचारले, "टीचर, तुम्ही स्वतः शेवटचे पापनिवेदन कधी केलेत?" तो आजचा विषय नाही, असे म्हणून मी पुढे गेले. तेव्हापासून ती वर्गात येते, पण बोलत नाही. श्रद्धा शिकवणे हे आमचे काम आहे. ती मुलांच्या मतांवर ठरत नाही. मग त्यांच्याकडून शिकायचे म्हणजे शिकवण्याचा अधिकार सोडून द्यायचा का?'
– एक धर्मशिक्षिका

प्रिय ताई,

आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. श्रद्धा मुलांच्या मतांवर ठरत नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते कोणाच्याही दडपणाखाली मागे घेण्याचे कारण नाही. येशूचे पुनरुत्थान किंवा मिस्साबलिदानाचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेचा, अर्थ हे हात वर करून ठरवायचे विषय नाहीत. मात्र एखाद्याकडून शिकणे वेगळे आणि त्याच्या हाती अधिकार सोपवणे वेगळे, आणि आपली अडचण बहुधा हे दोन्ही एकच आहे असे धरून चालल्यामुळे झाली आहे. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर बायबलच्या जुन्या करारातल्या एली या याजकाइतका चांगला माणूस दुसरा सापडणार नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाची गोष्ट आपण वर्गात अनेकदा सांगितली असेल, पण बहुतेक ठिकाणी ती अर्ध्यावरच थांबवली जाते. रात्री मंदिरात झोपलेल्या शमुवेल या मुलाला हाक ऐकू येते, तो धावत वृद्ध एलीकडे जातो, एली त्याला परत झोपायला पाठवतो. असे तीनदा घडल्यावर एलीच्या ध्यानात येते की, हाक मारणारा परमेश्वर आहे, आणि 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असे उत्तर द्यायला तो मुलाला शिकवतो. इथपर्यंतची गोष्ट शिक्षकांना आवडते, आणि त्यात गैर काही नाही, कारण हाक मुलाला आली तरी ती ओळखायला अनुभवी माणूसच लागला. अडचण पुढच्या अर्ध्या भागाची आहे. परमेश्वराने त्या मुलाला जे सांगितले, ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. एलीचे मुलगे याजकपदाचा गैरवापर करत होते आणि बापाने त्यांना आवरले नव्हते. सकाळी शमुवेल उठून मंदिराची दारे उघडतो, पण ऐकलेले सांगायला धजत नाही. तेव्हा एली स्वतःच त्याला बोलावतो, माझ्यापासून काही लपवू नकोस असे निक्षून सांगतो, आणि सारे ऐकल्यावर 'तो परमेश्वर आहे, त्याला योग्य वाटेल ते तो करो' एवढेच म्हणतो. तुला एवढे कळते का, असे तो विचारत नाही. बोलण्याच्या सुरावर आक्षेप घेत नाही. मुलाला ऐकायला शिकवण्याचा त्याचा अधिकार या प्रसंगात कुठेही उणावत नाही, आणि तरीही ज्याला त्याने ऐकायला शिकवले, त्याच्याच तोंडून त्याला स्वतःविषयीचे कटू सत्य ऐकावे लागते. बाप म्हणून एली कमी पडला असेल, पण त्या सकाळी तो शिक्षक म्हणून अजिबात कमी पडला नाही.

आता आपल्या वर्गातल्या त्या मुलीकडे वळू. तिचा प्रश्न आगाऊपणाचा होता का? सुरात थोडा आगाऊपणा असूही शकेल. सोळाव्या वर्षी तो असतोच. पण प्रश्नाचा गाभा पाहिला, तर आपण वर्षानुवर्षे जे शिकवत आहात ते आपल्या स्वतःच्या जगण्यात आहे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसाराविषयीच्या आपल्या प्रेषितीय पत्रात लिहून ठेवले आहे की, आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक मनापासून ऐकतो, आणि शिक्षकांचे ऐकत असेल तर ते साक्षीदारही असतात म्हणून. हे वाक्य धर्मशिक्षकांच्या शिबिरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते आता कानांवरून जाते. त्या मुलीने ते वाक्य बहुधा वाचलेले नसेल, पण तिने ते आपल्याला लागू करून पाहिले. तरुणांकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट मला तरी हीच दिसते : आपण पाठ करून ठेवलेल्या सत्यांची ते परीक्षा घेतात, आणि ती परीक्षा सभ्य वयस्कर माणसे एकमेकांची कधीच घेत नाहीत.

म्हणून माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे की, पुढच्या वर्गात सुरुवातीलाच त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. तिला बाजूला घेऊन एकटीला नव्हे, सर्वांसमोर. कारण प्रश्न सर्वांसमोर विचारला गेला होता आणि टाळलाही सर्वांसमोर गेला होता. पापनिवेदनात आपण काय सांगितले हे कोणीही विचारू शकत नाही आणि आपण ते सांगूही नये. मात्र मी जाते की नाही, जायला जड जाते की नाही, मध्ये मोठा खंड पडला होता की नाही, आणि तरीही पुन्हा का जावेसे वाटते, हे सांगता येते. आपण पूर्वी जात नसाल आणि त्या प्रश्नामुळे जाऊन आला असाल, तर तेही सांगता येईल. असे चार वाक्यांत बोलून झाले की, पुढे व्याख्यान जोडू नका. 'प्रश्न विचारलास हे बरे केलेस' असे तिला म्हणा आणि धडा सुरू करा. ती लगेच बोलू लागेल असे मी म्हणणार नाही. काही मुले एकदा मिटली की, पुन्हा उघडायला पुष्कळ दिवस घेतात.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. प्रामाणिक असणे आणि आपले ओझे मुलांच्या खांद्यावर टाकणे यांत अंतर आहे. आपल्या श्रद्धेतील चालू संकट, संसारातील दुःख किंवा फादरांविषयीची नाराजी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे मोकळी करणे ही साक्ष होत नाही. त्यासाठी आपल्याला समवयस्क मित्रमैत्रीण किंवा आध्यात्मिक मार्गदर्शक हवा.

या बाबतीत तरुणांनी स्वतः काय मागितले आहे, हे आपल्या भाषणात जरूर सांगा, कारण ते नोंदले गेले आहे. २०१८ च्या मार्चमध्ये, तरुणांविषयीच्या सिनडच्या (बिशपांच्या परिषदेच्या) आधी, जगभरातून आलेले सुमारे तीनशे तरुण रोममध्ये आठवडाभर एकत्र बसले होते. त्यांत कॅथलिक नसलेले आणि कोणताही धर्म न मानणारेही होते, आणि हजारो जण समाजमाध्यमांवरून चर्चेत सहभागी झाले होते. त्यांनी तयार केलेल्या निवेदनात मार्गदर्शक कसा असावा, याविषयी एक नेमका उतारा आहे. मार्गदर्शकाने स्वतःच्या मर्यादा ओळखाव्यात, आपणही चुकणारे आणि क्षमा मिळालेले पापी आहोत हे त्याला ठाऊक असावे, तरुणांना मागे मागे चालायला लावण्याऐवजी त्याने त्यांच्या सोबत चालावे, असे ते म्हणतात. त्याचबरोबर, मार्गदर्शकांना उच्चासनावर बसवले की ते घसरतात तेव्हा तरुणांचा ख्रिस्तसभेवरचाच (चर्चवरचाच) विश्वास ढासळतो, असा इशाराही ते देतात. पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी 'ख्रिस्तुस व्हिव्हित' या प्रेषितीय पत्रावर सही केली, तेव्हा हे विचार त्यांनी तरुणांचे म्हणूनच त्यात समाविष्ट केले. वरिष्ठ शिकले की काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याची गरज नाही : विशीतल्या मुलामुलींनी लिहिलेला मजकूर पोपच्या शिकवणुकीचा भाग झाला आणि त्यामुळे पोपचा अधिकार कमी झाल्याची तक्रार कोणी केली नाही.

तरुणांच्या 'उत्साहा'विषयी मात्र थोडे कठोर लिहिणे भाग आहे. पॅरिशमध्ये तरुणांचे जे कौतुक होते, ते बहुधा त्यांच्या मनगटांचे असते. खुर्च्या लावायला, मंडप उभारायला, ध्वनिवर्धक जोडायला, मिस्साचे थेट प्रक्षेपण करायला तरुण हवे असतात, आणि आभारप्रदर्शनात त्यांच्या नावाने टाळ्या होतात. याला शिकणे म्हणता येणार नाही. हा फार तर सौजन्याने केलेला वापर आहे. कोणाकडून काही शिकल्याची खूण एकच, ती म्हणजे त्याने सांगितल्यामुळे आपला एखादा निर्णय बदलला. गेल्या काही काळात आपल्या धर्मग्रामात तरुणांच्या सांगण्यावरून कोणता निर्णय बदलला, हा प्रश्न सभेत सरळ विचारून पाहा. उत्तरादाखल सजावटीचे रंग आणि सहलीचे ठिकाण सोडून काही पुढे आले, तर ती चांगली बातमी समजावी.

याबाबत संत बेनेडिक्ट यांची व्यवस्था आपल्या उलट होती. सहाव्या शतकात लिहिलेल्या त्यांच्या नियमावलीचा तिसरा अध्याय मठातील सल्लामसलतीविषयी आहे. मठात महत्त्वाचे काही ठरवायचे असेल, तेव्हा मठाधिपतीने संपूर्ण समुदायाला बोलवावे, कारण अधिक चांगले काय आहे ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला प्रकट करतो, असे ते लिहितात. आणि किरकोळ बाबींसाठी मात्र केवळ ज्येष्ठांचा सल्ला पुरेसा आहे, असे त्याच अध्यायाच्या शेवटी म्हणतात. आपल्याकडे याच्या नेमके विरुद्ध चालते. पैसा कुठे खर्च करायचा, कोणती सेवा बंद करायची, धर्मशिक्षणाचा आराखडा कसा असावा, हे ज्येष्ठ ठरवतात आणि किरकोळ बाबी 'युवकांवर सोपवल्या' जातात. आपल्या शंकेचे उत्तरही त्याच अध्यायात आहे : सर्वांनी आपले मत नम्रपणे मांडावे, हटवादीपणा करू नये, आणि सगळे ऐकून अखेरचा निर्णय मठाधिपतीनेच घ्यावा. अधिकार जागच्या जागी राहतो. फक्त तो ऐकण्याआधी वापरला जात नाही.

तरुणांना काय हवे असते याविषयीच्या आपल्या कल्पनाही एकदा त्यांच्याकडूनच तपासून घ्याव्यात. त्यांना गोंगाट हवा, झगमगाट हवा, सगळे छोटे आणि चटपटीत हवे, असे गृहीत धरून आपण कार्यक्रम आखतो. पूर्व फ्रान्समधील तेझे या गावात ब्रदर रॉजर यांनी १९४० मध्ये ज्या समुदायाची पायाभरणी केली, तिथे अनेक दशके जगभरातून तरुण येत आहेत, आणि तिथल्या प्रार्थनेत काय असते? त्याच त्या छोट्या ओळी पुन्हापुन्हा गायल्या जातात आणि मध्ये काही मिनिटे पूर्ण शांतता असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनच्या जागतिक युवा दिनाच्या जागरणातही अफाट जनसमुदाय पवित्र साक्रामेंताच्या (ख्रिस्तप्रसादाच्या पवित्र भाकरीच्या) आराधनेत गुडघे टेकून गप्प होता. सर्वच तरुणांना शांतता आवडते, असा निष्कर्ष यातून काढू नये; काहींना ती असह्य होते. मुद्दा एवढाच की, विचारल्याशिवाय कळत नाही.

संत कार्लो अक्युटिस यांच्याबाबतीतही असेच झाले आहे. १९९१ मध्ये जन्मलेला आणि २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी संत म्हणून घोषित केला. ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ त्याने तयार केले, म्हणून आपण त्याला संगणकाचा संत करून टाकले आणि मुलांना सांगू लागलो की, बघा, मोबाइलचा असा उपयोग करा. पण त्याच्या आयुष्यातली ज्येष्ठांसाठीची गोष्ट घरात घडली होती. आपण फारशा धार्मिक नव्हतो, मिस्सालाही क्वचितच गेलो होतो, आणि लहान कार्लोच्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात म्हणून आपण धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला, असे त्याच्या आईने अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. माहीत नसल्याची लाज वाटून मुलाला गप्प करण्याऐवजी तिने पुस्तक हाती घेतले. धर्मशिक्षकांच्या सभेत कार्लोविषयी बोलायचे असेल, तर संकेतस्थळ थोडक्यात आटपून या आईविषयी अधिक बोलावे.

अर्थात तरुण म्हणतील ते सारे बरोबर, अशी भाबडी भूमिका घेऊन चालणार नाही, आणि बायबलही तशी घेत नाही. शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने वडीलधाऱ्यांचा शहाणा सल्ला धुडकावला, आपल्याबरोबर वाढलेल्या तरुण सोबत्यांचे ऐकून प्रजेवरचे जू अधिक जड केले, आणि इस्राएलाचे दहा वंश त्याला सोडून गेले. ही कथा आपल्या सभेतील एखादे ज्येष्ठ सभासद नक्की काढतील, म्हणून तयारीत असावे. त्या सोबत्यांनी राजाला त्याच्या मनाजोगते सांगितले होते. दोष वयापेक्षा खुशामतीत होता. आपणही तेच करतो, असे मला वाटते. 'युवकांचे प्रतिनिधी' म्हणून आपण जे निवडतो, ते बहुधा आज्ञाधारक, वेळेवर येणारे, फादरांना न दुखावणारे असतात, आणि मग तरुणांचे मत आपल्या मताशी किती जुळते याचे आपल्याला समाधान वाटते.

तरुणांशी मतभेद असेल, तेव्हा तो मांडावा. समाजमाध्यमांवर पाहिलेल्या एखाद्या प्रवचनाच्या जोरावर एखादा मुलगा उपासनेच्या एका बारकाव्यावरून पॅरिशमधल्या सगळ्यांना पाखंडी ठरवू लागला, किंवा एखादी मुलगी कोणतीही शिकवण न वाचताच ती कालबाह्य आहे असे म्हणाली, तर गोड हसून सोडून देणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्याशी वाद घाला, वाचायला द्या, पुन्हा बोलवा. मात्र एका बाबतीत वाद नको, तपास हवा. एखाद्या प्रौढाच्या वागण्याविषयी, नकोशा जवळिकीविषयी किंवा दडपणाविषयी मुलांनी काही सांगितले, तर ते त्याच वेळी गांभीर्याने घ्यावे, स्वतः चौकशी करत बसू नये, 'त्यांचा हेतू तसा नसेल' असे म्हणू नये आणि बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे व कायद्यानुसार जिथे कळवायचे तिथे विनाविलंब कळवावे. ख्रिस्तसभेला गेल्या काही दशकांत जो सर्वांत कठीण धडा शिकावा लागला, तो मोठ्यांनी मुलांवर विश्वास ठेवला नाही म्हणूनच शिकावा लागला.

जी मुले वर्गात नाहीत त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूंनी १९२५ मध्ये ख्रिस्ती युवा कामगारांची चळवळ उभी केली, तेव्हा कारखान्यात जाणाऱ्या मुलामुलींनाच त्यांनी आपापल्या कामाच्या ठिकाणची परिस्थिती नोंदवायला लावली : पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ मध्ये आपल्या विश्वपत्रात ही पद्धत उचलून धरली. रविवारी ज्यांना कामावर जावे लागते, ज्यांच्यावर घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी आहे, ज्यांचे आईवडील विभक्त झाले आहेत, त्यांच्याविषयी आपल्या वर्गातल्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक माहिती असते, कारण ते त्यांचे मित्र असतात. ती माहिती विचारून घ्यावी, नावे न घेता.

राहता राहिले भाषण. एक तास मिळाला असेल, तर आपण वीस मिनिटांहून अधिक बोलू नये. एली आणि बेनेडिक्ट यांच्यापुरता वेळ घ्यावा आणि उरलेला वेळ चार-पाच तरुणांना द्यावा. त्यांत एखादा न येणारा, एखादी नाराज, एखादा प्रश्न विचारणारा असू द्यावा. त्या मुलीला बोलवायचे झाल्यास तिची इच्छा आधी विचारा आणि नाही म्हणाली तर आग्रह करू नका. 'तुम्हाला काय वाटते' असा मोघम प्रश्न त्यांच्यापुढे ठेवल्यास मोघमच उत्तरे येतील. त्याऐवजी पॅरिश कौन्सिलपुढे असलेला, अजून खरोखर न झालेला एक निर्णय ठेवा, उदाहरणार्थ पुढील वर्षी दृढीकरणाचे वर्ग कधी, किती आणि कोणी घ्यायचे. त्यांचे म्हणणे कोणीतरी शब्दशः लिहून घ्यावे, सभेनंतर ठरलेल्या दिवशी त्यांना काय मान्य झाले आणि काय झाले नाही, तसेच का झाले नाही, हे कळवावे. नकार कारणासह मिळाला तर तरुण तो पचवतात. काहीच कळवले नाही की मात्र ते दुसऱ्यांदा येत नाहीत. हे सारे फादरांशी आधी बोलून घ्या, आणि चर्चेसाठी खुला ठेवायचा निर्णय त्यांच्याचकडून ठरवून घ्या. अन्यथा तरुण मन मोकळे करत असताना, ते तर आधीच ठरले आहे, असे कोणीतरी मागच्या रांगेतून म्हणेल.

आपला,
सदरलेखक